रवाळ मध आणि न जमणारा गूळ

थंडी पडली की कपाटातल्या बाटलीतला मध तळापासून पांढरट होऊ लागतो, हळूहळू घट्ट होतो आणि शेवटी चमच्याने खरवडून काढावा लागतो. अशा वेळी घराघरांत एकच प्रश्न विचारला जातो, तो म्हणजे या मधात साखर मिसळली होती का? गुऱ्हाळावर ऐकू येणारी तक्रार याच्या नेमकी उलट असते. उसाचा रस आटवून, घोटून, साच्यात ओतल्यावरही कधीकधी गूळ घट्ट बसत नाही, बोटाला चिकटतो आणि पावसाळा लागताच पाझरू लागतो. मग दोष कधी उसाला, कधी खताला, तर कधी गुळव्याच्या हाताला दिला जातो. जमू नये असे वाटते तो मध जमतो आणि जमावा असे वाटते तो गूळ जमत नाही, या दोन्हींच्या मुळाशी ग्लुकोज आणि फ्रुक्टोज ही एकच जोडी आहे. ही जोडी समजली की फळांची गोडी, दुधाचे पचन आणि रक्तातील साखरेचा आकडा या गोष्टीही पुष्कळशा उलगडतात.

१. साखर एक, शर्करा अनेक

‘साखर’ आणि ‘शर्करा’ हे मुळात एकच शब्द आहेत. संस्कृतात शर्करा म्हणजे बारीक खडे किंवा रेव. उसाच्या रसापासून मिळणाऱ्या दाणेदार पदार्थाला तेच नाव मिळाले, आणि पुढे फारसी व अरबी भाषांमधून प्रवास करत ते युरोपातील भाषांमध्ये पोहोचले. रसायनशास्त्रात मात्र या दोन शब्दांची वाटणी करून घेणे सोयीचे पडते. ‘साखर’ म्हणजे स्वयंपाकघरातील डब्यातला पांढरा पदार्थ आणि ‘शर्करा’ म्हणजे ते सारे कुटुंब, ज्यात ही साखर केवळ एक सदस्य आहे.

हे कुटुंब कर्बोदकांच्या मोठ्या घराण्यातले आहे. कर्बोदक हा शब्द फोडला की कर्ब आणि उदक, म्हणजे कार्बन आणि पाणी, असे दोन भाग मिळतात. ग्लुकोजच्या एका रेणूत कार्बनचे ६, हायड्रोजनचे १२ आणि ऑक्सिजनचे ६ अणू असतात. हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचे प्रमाण पाण्यात असते तसेच, दोनास एक, असल्यामुळे हे नाव पडले. याचा अर्थ शर्करेच्या आत पाणी भरलेले असते असा नाही, कारण हे अणू एकमेकांशी पक्के बांधलेले असतात. तरीही कढल्यात चमचाभर साखर घेऊन ती फार तापवली तर ती आधी वितळते, मग तांबूस होते, वाफ सोडते आणि अखेरीस काळा कोळसा मागे ठेवते; वाफेच्या रूपाने पाणी गेले आणि कार्बन उरला, इतके तरी या प्रयोगात डोळ्यांना दिसते.

ज्या शर्करेचे पाण्याच्या साहाय्याने आणखी लहान शर्करांमध्ये तुकडे करता येत नाहीत, तिला एकशर्करा म्हणतात. ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि गॅलॅक्टोज या आहारातल्या तीन प्रमुख एकशर्करा होत. दोन एकशर्करा जोडल्या गेल्या की द्विशर्करा बनते. आहारशास्त्रात या दोन्ही गटांना मिळून साध्या शर्करा म्हटले जाते, तर शेकडो-हजारो ग्लुकोजची साखळी असलेल्या स्टार्चला, म्हणजे तांदूळ-बटाट्यातील पिठूळ भागाला, जटिल कर्बोदक म्हणतात.

२. तीच अक्षरे, वेगळे शब्द

‘रस’ आणि ‘सर’ या दोन शब्दांत अक्षरे तीच आहेत, पण क्रम बदलताच अर्थ बदलतो. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांचे नाते असेच आहे. दोघांत अणूंची संख्या अगदी सारखी, परंतु कार्बनच्या साखळीवर ऑक्सिजनचा एक विशिष्ट अणू ग्लुकोजमध्ये टोकाच्या कार्बनला दुहेरी बंधाने जोडलेला असतो, तर फ्रुक्टोजमध्ये तो टोकाशेजारच्या कार्बनवर सरकलेला असतो. पाण्यात विरघळल्यावर या साखळ्या बहुतांश वेळ स्वतःभोवती वळून कडे तयार करतात आणि अधूनमधून ते कडे उघडते. या उघडण्या-मिटण्याचे महत्त्व प्रकरणाच्या शेवटी लक्षात येईल.

गॅलॅक्टोजचा फरक याहूनही बारीक आहे. मराठी ताटात चटणी-कोशिंबीर डावीकडे आणि भाजी उजवीकडे वाढायची रीत आहे. सगळे पदार्थ तेच ठेवून फक्त कोशिंबीर उजवीकडे वाढली, तर जेवणाऱ्याला ते पहिल्या दृष्टिक्षेपात खटकते. ग्लुकोजच्या चौथ्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांची छोटी जोडी, एका बाजूऐवजी दुसऱ्या बाजूला वाढली की गॅलॅक्टोज तयार होते. जीभ, आतडे आणि यकृत यांना ही अदलाबदल बरोबर कळते. ग्लुकोजसारखी रचना असलेल्या शर्करांमध्ये अशा डाव्या-उजव्या मांडणीचे एकूण १६ प्रकार संभवतात. त्यांतील ग्लुकोज नेमका कोणता, हे अणू डोळ्यांना दिसण्याची कोणतीही सोय नसताना केवळ रासायनिक क्रियांच्या तर्कावरून जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी १८९० च्या सुमारास ठरवले आणि १९०२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. संपूर्ण रसायनशास्त्रात इतके देखणे अनुमान क्वचितच सापडेल.

मांडणी बदलली की गोडीही बदलते. नेहमीच्या साखरेची गोडी १०० धरली तर ग्लुकोजची सुमारे ७० ते ७५ भरते, तर फ्रुक्टोजची १०० च्या बरीच वर जाते. फ्रुक्टोजच्या गोडीचा आणखी एक विशेष असा की ती तापमानाप्रमाणे बदलते. थंडपणात त्याच्या रेणूंपैकी अधिक रेणू सर्वांत गोड लागणाऱ्या कड्याच्या रूपात असतात आणि उष्णतेने ते प्रमाण घटते. त्यामुळे मध गार सरबतात जितका गोड लागतो तितका कढत चहात लागत नाही.

३. जोड्या जुळतात आणि तुटतात

ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांचे एकेक कडे जोडले जाताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि सुक्रोज, म्हणजेच उसाची साखर, तयार होते. वजनांचा हिशेब साधा आहे : ग्लुकोज १८०, फ्रुक्टोज १८०, त्यांतून पाण्याचे १८ वजा केले की सुक्रोजचे ३४२ उरतात. हीच क्रिया उलट दिशेने घडवली, तर ३४२ ग्रॅम साखर १८ ग्रॅम पाणी शोषून ३६० ग्रॅम मिश्रण देते, म्हणजे १०० ग्रॅम साखरेपासून सुमारे १०५ ग्रॅम ग्लुकोज-फ्रुक्टोज मिळते.

दोन ग्लुकोज जोडले गेले की माल्टोज आणि ग्लुकोजला गॅलॅक्टोज जोडले गेले की लॅक्टोज, म्हणजे दुग्धशर्करा, बनते. या जोड्या तोडण्यासाठी पाणी लागते, पण नुसत्या पाण्याने हे काम इतके सावकाश होते की साखरेचे सरबत करून ठेवले तरी साखर साखरच राहते. त्याला आम्लाची किंवा विकराची मदत लागते. विकर म्हणजे सजीवांच्या शरीरातील असा प्रथिनरूपी पदार्थ, जो एखादी विशिष्ट रासायनिक क्रिया घडवून आणतो आणि स्वतः मात्र खर्ची पडत नाही.

सुक्रोज तुटून झालेल्या मिश्रणाला ‘विपर्यस्त शर्करा’, म्हणजे उलटलेली शर्करा, असे चमत्कारिक नाव आहे. एकाच प्रतलात कंप पावणारा प्रकाश साखरेच्या पाण्यातून सोडला तर त्याचे प्रतल उजवीकडे वळते. साखर तुटल्यावर ते डावीकडे वळते, कारण फ्रुक्टोजचा डावीकडचा ओढा ग्लुकोजच्या उजवीकडच्या ओढ्यापेक्षा जास्त असतो. दिशा उलटली म्हणून नाव उलटलेली शर्करा. ग्लुकोजच्या पुड्यांवर छापलेला ‘डेक्स्ट्रोज’ हा शब्दही याच उजवीकडे वळवण्यावरून आलेला आहे.

४. मध का जमतो

फुलातील मकरंदात पुष्कळ पाणी आणि बऱ्याच प्रमाणात सुक्रोज असते. मधमाशी तो पोटातील मधाच्या पिशवीत भरून आणते, त्यात आपले विकर मिसळते आणि पोळ्यातल्या माश्या पंखांनी वारा घालून त्यातले पाणी उडवतात. शेवटी उरणाऱ्या १०० ग्रॅम मधात साधारणपणे ३८ ग्रॅम फ्रुक्टोज, ३१ ग्रॅम ग्लुकोज आणि १७-१८ ग्रॅम पाणी असते. सुक्रोज अगदी थोडे राहते.

आता एक ढोबळ हिशेब करता येतो. सुमारे २५ अंश सेल्सिअस तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात जवळजवळ ९० ग्रॅम ग्लुकोज विरघळते, म्हणजे मधातल्या १८ ग्रॅम पाण्यात फार तर १६ ग्रॅम मावेल. प्रत्यक्षात तेथे ३१ ग्रॅम आहे, म्हणजे जागेच्या दुप्पट पाहुणे. फ्रुक्टोजची स्थिती वेगळी आहे. ते १०० ग्रॅम पाण्यात ३७५ ग्रॅमच्या आसपास विरघळते, त्यामुळे १८ ग्रॅम पाण्यात ६७ ग्रॅमपर्यंत मावू शकते आणि असते केवळ ३८ ग्रॅम. ते निवांत विरघळून राहते. मधाचा दाटपणा ग्लुकोजला बराच काळ अडवून धरतो. परंतु परागकण, मेणाचा कण किंवा हवेचा बुडबुडा असे काही टेकायला मिळाले आणि तापमान १४ अंशांच्या आसपास उतरले, की ग्लुकोजचे स्फटिक बाहेर पडू लागतात. बाटलीच्या तळाचा पांढरट रवा तो हाच.

म्हणून जमलेला मध भेसळीचा आणि न जमलेला शुद्ध, ही समजूत रसायनशास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही. ज्या फुलांच्या मधात ग्लुकोजचे प्रमाण अधिक तो लवकर जमतो, फ्रुक्टोज अधिक तो महिनोन्महिने पातळ राहतो, आणि पाणी, अंगठा, कागद, ज्योत अशा घरगुती परीक्षांनीही भेसळीचा निर्णय लागत नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच लागते. रवाळ मधाची बाटली हाताला सोसवेल इतक्या कोमट पाण्यात ठेवली की स्फटिक पुन्हा विरघळतात. येथेच एक गोष्ट स्पष्ट सांगणे आवश्यक आहे : मध शुद्ध असला तरी त्यात काही जिवाणूंची बीजे असू शकतात आणि एक वर्षाखालील बाळाच्या आतड्यात ती वाढून घातक विष तयार करू शकतात, त्यामुळे तान्ह्या बाळाला मध चाटवण्याची प्रथा टाळली पाहिजे.

५. गूळ का जमत नाही

मधात जे माशीने मुद्दाम घडवले, तेच गुऱ्हाळात नको असताना घडते. उसाच्या रसातील शर्करा बहुतांशी सुक्रोज असते आणि सुक्रोज स्फटिक होण्यास उत्सुक असते. गुळाचा घट्टपणा व कणीदारपणा त्याच्यामुळे येतो. परंतु ऊस तोडून दोन-तीन दिवस पडून राहिला, की उसातीलच विकरे आणि कापलेल्या टोकांतून शिरलेले जिवाणू सुक्रोजचे तुकडे करू लागतात. त्यात रस स्वभावतः किंचित आंबट असतो आणि काहिलीतली तासन्‌तासांची उष्णता या आम्लाचे काम वेगाने पुढे नेते. तयार झालेले ग्लुकोज आणि फ्रुक्टोज सुक्रोजच्या रेणूंच्या रांगेत मध्येमध्ये घुसतात. कवायतीच्या रांगेत वेगवेगळ्या उंचीचे आणि वेगळ्याच तालावर चालणारे काही जण शिरले की रांग जशी मोडते, तसा स्फटिक मोडतो. शिवाय फ्रुक्टोज हवेतील ओलावा ओढून घेते, म्हणूनच अशी ढेप पावसाळ्यात पाझरते.

गुळव्याची कला या दृष्टीने पाहिली तर ती रसायनशास्त्राचीच एक जुनी शाखा ठरते. रस उकळू लागला की त्यात भेंडीच्या झाडाच्या खोडाचे बुळबुळीत पाणी घालतात. ते मळ धरून वर आणते आणि मळी झाऱ्याने काढून टाकता येते. चुन्याची निवळी रसाचा आंबटपणा मारते, त्यामुळे सुक्रोज तुटण्याचे थांबते, पण चुना थोडा जरी जास्त झाला तरी आधीच तुटून झालेले ग्लुकोज-फ्रुक्टोज त्याच्याशी क्रिया करून गूळ काळपट करतात. पाक ११८ अंशांच्या आसपास पोहोचला की तो गार पाण्यात टाकून त्याची गोळी वळते का हे बोटांनी पाहिले जाते आणि मग काहील चुलवाणावरून उतरवली जाते. तापमापक न लावता हा क्षण ओळखणाऱ्या हातांबद्दल आदर वाटावा अशीच ही गोष्ट आहे.

जो गुळाचा दोष तोच काकवीचा गुण. काकवी पातळ राहावी, बरणीत तिचे खडे होऊ नयेत, यासाठी काही ठिकाणी रसात सायट्रिक आम्ल मुद्दाम घातले जाते. घरोघरी पाकात लिंबू पिळण्यामागेही हेच कारण आहे : लिंबाच्या आम्लाने थोडी साखर तुटते आणि गुलाबजामांच्या पाकाला साखरेचे खडे धरत नाहीत. याउलट रव्याचे लाडू घट्ट बसायला हवेत, म्हणून त्यांच्या पाकात फार लिंबू घालून चालत नाही.

६. फळ, कंद, धान्य आणि दूध

फळांची गोडी एका साच्यातली नसते. द्राक्षात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज जवळजवळ सारख्या प्रमाणात असतात आणि सुक्रोज नाममात्र. ग्लुकोजला द्राक्षशर्करा हे जुने नाव त्यावरूनच मिळाले. सफरचंदात फ्रुक्टोजचा वाटा मोठा असतो. पिकलेल्या आंब्यात मात्र सुक्रोजचे वर्चस्व असते. अढीत घातलेल्या कच्च्या आंब्यात स्टार्च साठवलेला असतो; फळातून बाहेर पडणारा इथिलीन वायू गवताच्या थरांत कोंडून राहतो, त्याच्या इशाऱ्याने विकरे कामाला लागतात, स्टार्चची शर्करा होते आणि आम्लही घटते. केळ्यात हा बदल आणखी ठळक दिसतो, कारण हिरव्या केळ्यात शेकडा २० च्या आसपास असलेला स्टार्च पूर्ण पिकल्यावर शेकडा एक-दोनवर येतो.

रताळ्याची गोष्ट वेगळी. ते चुलीवर असतानाच गोड होते. त्यातील विकर साधारण ६० ते ७५ अंशांच्या दरम्यान जोमाने काम करून स्टार्चचे माल्टोज बनवते आणि त्याहून जास्त तापल्यावर निकामी होते. निखाऱ्याच्या राखेत पुरलेले रताळे या टप्प्यातून सावकाश जाते, म्हणून घाईने उकडलेल्या रताळ्यापेक्षा ते अधिक गोड लागते.

नाचणीचे सत्त्व करताना हीच क्रिया मोड आणून घडवली जाते. दाणे भिजवून, कापडात बांधून मोड आणले की अंकुर स्वतःच्या वाढीसाठी स्टार्च तोडणारी विकरे तयार करतो. मग दाणे वाळवून दळले जातात. या पिठाची पेज शिजताना घट्ट गोळा न होता पातळ राहते, कारण लांब साखळ्या तुटलेल्या असतात, आणि त्यामुळे बाळाच्या छोट्याशा वाटीत अधिक पीठ, म्हणजे अधिक पोषण, मावते. शंभर वर्षांपूर्वीच्या आजीला विकर हा शब्द ठाऊक नव्हता, पण त्याचा उपयोग पुरेपूर ठाऊक होता.

दुधाची शर्करा सर्वांत अबोल. २०० मिलिलिटर गाईच्या दुधात जवळजवळ १० ग्रॅम लॅक्टोज असते. तितकीच साखर पाण्यात घातली तर ते चांगले गोड होईल, पण लॅक्टोजची गोडी साखरेच्या साधारण पाचव्या-सहाव्या हिश्शाइतकीच असल्यामुळे दूध किंचितच गोड लागते. लॅक्टोज तोडणारे विकर बालपणानंतर अनेकांच्या आतड्यात कमी होते. न तुटलेले लॅक्टोज मोठ्या आतड्यात पोहोचते, तेथील जिवाणू ते आंबवतात आणि पोट फुगते किंवा जुलाब होतात. अशांपैकी पुष्कळांना दही सोसते, कारण विरजणातील जिवाणूंनी लॅक्टोजचा काही भाग आधीच लॅक्टिक आम्लात बदललेला असतो.

७. रक्तातील एक चमचा

द्विशर्करा असो की स्टार्च, आतड्यातून रक्तात एकशर्कराच शिरतात. उपाशीपोटी रक्तातील ग्लुकोज प्रत्येक १०० मिलिलिटरला ७० ते १०० मिलिग्रॅम असणे हे निरोगी मानले जाते. प्रौढ व्यक्तीच्या शरीरात सुमारे ५ लिटर रक्त असते, म्हणजे १०० मिलिलिटरचे ५० भाग. प्रत्येकात १०० मिलिग्रॅम धरले तर एकूण ५ ग्रॅम, अर्थात एक चमचा, एवढेच ग्लुकोज त्या साऱ्या रक्तात फिरत असते. रसवंतीगृहातील बर्फ न घातलेल्या २५० मिलिलिटर रसात, शेकडा १३ प्रमाण धरले तर, ३२ ग्रॅमच्या वर शर्करा असते. इतका लोंढा आला तरी रक्तातील चमचा फार भरू नये म्हणून इन्शुलिन हे संप्रेरक पेशींना ग्लुकोज आत घ्यायला लावते; मधुमेहात नेमकी हीच व्यवस्था बिघडलेली असते. फ्रुक्टोजचा मार्ग वेगळा आहे. त्याचा बराच भाग यकृतात वापरला जातो, त्यामुळे रक्तातील ग्लुकोजचा आकडा ते फारसे वाढवत नाही, पण अतिरेक झाला तर यकृतात त्याची चरबी बनते. म्हणून ते मधुमेहींसाठी निर्धोक ठरत नाही.

ग्लुकोजच्या आतड्यातील प्रवेशद्वाराने लाखो जीव वाचवले आहेत. आतड्याच्या पेशींवरील एक वाहक प्रथिन ग्लुकोजला एकटे आत घेत नाही, सोबत सोडियमही घेते, आणि या दोघांच्या मागोमाग पाणी आत ओढले जाते. पटकीच्या जुलाबांतही हे दार उघडे राहते. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत शिरेतून द्यायचे सलाइन संपू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ आणि ग्लुकोज यांचे पाणी तोंडाने पाजण्याचा निर्णय घेतला आणि शंभरात ३० च्या आसपास असलेले मृत्यू ४ च्याही खाली आले. एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट ६ चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ हे त्याचेच घरगुती रूप आहे. यात साखर चवीसाठी नसते, ती सोडियमला आणि पाण्याला आत नेण्यासाठी असते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये मुक्त शर्करांपासून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या शेकडा १० पेक्षा कमी ठेवण्याची शिफारस केली. दिवसाच्या २००० कॅलरींपैकी हे २०० कॅलरी होतात आणि एका ग्रॅमला ४ कॅलरी या हिशेबाने ५० ग्रॅम. मुक्त शर्करांत वरून घातलेली साखर व गूळ येतात, तसेच मध आणि फळांचा रसही येतो; अखंड फळ आणि साधे दूध मात्र येत नाही. संत्रे आणि संत्र्याचा रस यांतील शर्करेचा रेणू एकच असतो. पण संत्रे चावावे लागते, त्यातील चोथा पोट भरतो आणि शर्करा सावकाश सुटते. रसाच्या पेल्यात मात्र तीन-चार संत्री दोन मिनिटांत पोटात जातात. गूळ आणि मध यांना ‘नैसर्गिक’ म्हणून वेगळी सवलत द्यावी असे रसायनशास्त्रात काहीही नाही.

८. निळ्या द्रावणाची साक्ष

ग्लुकोज तपासण्याच्या आजच्या पट्ट्या येण्यापूर्वी मधुमेहींची लघवी काचनळीत घेऊन त्यात बेनेडिक्टचे निळे द्रावण मिसळत आणि ते तापवत. साखरेच्या प्रमाणानुसार रंग हिरवा, पिवळा, नारिंगी आणि शेवटी विटेसारखा लाल होत असे. निळा रंग तांब्याच्या आयनांचा. ग्लुकोजचे कडे उघडले की त्याचे मोकळे टोक या आयनांशी क्रिया करते आणि तांब्याचे लाल ऑक्साइड तळाशी बसते. हीच परीक्षा शाळेच्या प्रयोगशाळेत शिक्षकांच्या देखरेखीखाली खाद्यपदार्थांवर करता येते. मधाचे पाणी पाहता पाहता लाल होते. गुळाचे पाणीही लाल होते, कारण गूळ कितीही चांगला साधला तरी त्यात तुटलेले थोडे सुक्रोज असतेच. डब्यातल्या स्वच्छ साखरेचे पाणी मात्र निळेच राहते; तिच्यातील ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची टोके एकमेकांत अडकलेली असल्यामुळे कोणतेच कडे उघडू शकत नाही. त्याच साखरेच्या पाण्यात सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब घालून ते काही मिनिटे उकळवावे, खाण्याच्या सोड्याने आम्ल मारावे आणि पुन्हा निळे द्रावण घालून तापवावे. या वेळी नळीचा तळ मधाच्या नळीसारखाच विटकरी लाल होतो.